उसात करकोचा उतरत नाही

कोल्हापूरकराला पाण्याविषयी बोलायला लावू नये. रंकाळा, कळंबा, कोटीतीर्थ, राजाराम तलाव, शिवाय पाच नद्यांचं पाणी गोळा करून शहराला वळसा घालणारी पंचगंगा, आणि एवढ्यावर भागलं नाही तर वर राधानगरी आहेच. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या धरणाचं काम काढलं. त्या जोरावर आम्ही आजही दुष्काळी भागातल्या पाव्हण्याकडं जरा वरूनच बघतो. पाणी जास्त झालं की काय होतं, ते २०१९ ला आणि परत २०२१ ला पुरानं घरात शिरून सांगितलं. तोरा मात्र होता तिथंच आहे.

त्यामुळं कळंब्याच्या बांधावर दुर्बीण घेऊन उभा राहिलो की फिरायला येणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो. ‘काय, करकोचं आलं काय?’ एवढं पाणी, म्हणजे पाखरं इथंच येणार, दुसरीकडं जातील कशाला, असा त्यामागचा हिशेब. मग मी दुर्बीण त्यांच्या हातात देतो आणि केंदाळाच्या कडेला गुडघाभर पाण्यात फिरणारा उघड्या चोचीचा करकोचा दाखवतो.

हा पक्षी निवांत बघण्यासारखा आहे. मळकट पांढरा, पंख काळे, आणि चोच मिटली तरी मधे फट राहतेच. पिलाच्या चोचीला ती फट नसते, वयाबरोबर येते. परवा एकजण माझ्यापासून दहा-बारा पावलांवर चरत होता. चोच पाण्यात खुपसून चाचपडत चालला होता. मधेच थबकला, मान तिरकी केली, आणि पुढं बराच वेळ डोकं पाण्यातच. नुसती मान थरथरताना दिसत होती. वर आला तेव्हा चोचीत गोगलगाईचं लिबलिबीत मांस, शिंपला खाली चिखलात. तो गेल्यावर मी शिंपला उचलून बघितला. धड होता. खालच्या चोचीचं टोक आत सारून, मांस धरून ठेवणारा स्नायू सोडवून, कवच न फोडता त्यानं ऐवज बाहेर काढला होता. चुलीवरच्या तांबड्या रश्श्यातली नळी चोखताना आम्ही जेवढा आवाज करतो, तेवढाही त्यानं केला नाही.

पण फाल्गुनात माझं मन ज्या करकोच्याकडं धावतं तो हा नव्हे. हा झाडावर बसतो, झाडावरच घरटं बांधतो, आणि आवाज म्हणाल तर चोच वाजवण्यापुरता. पक्षीवाले ज्याला कांड्या करकोचा म्हणतात त्याचं कूळच वेगळं. तो सारसाच्या आणि क्रौंचाच्या भावकीतला, त्यांच्यात सगळ्यात लहान, जेमतेम तीन फुटांचा. तो झाडाला शिवत नाही, कारण मागचं बोट इतकं आखूड की फांदी धरताच येत नाही. राहतो जमिनीवर, झोपतो उथळ पाण्यात उभा राहून, आणि ओरडला की मैलभर ऐकू जातो. असल्या पक्ष्याच्या थव्यासाठी मला कोल्हापूर सोडून उजनीला जावं लागतं. तेही उन्हं तापायला लागल्यावर, त्यांची निघायची वेळ झाल्यावर.

लोक थंडीत जातात. मला निघण्याआधीचे दिवस आवडतात. पाखरं आली की पेपरात फोटो येतो, ‘परदेशी पाहुण्यांचे आगमन’ अशा मथळ्याचा. ती जातात तेव्हा बातमी होत नाही. कळंब्यावरची भुवई बदकं आणि तलवार बदकं फाल्गुनात तलावाच्या मधोमध गोळा होतात, कारण नसताना उठतात, दोन फेऱ्या मारून परत बसतात. मग एका सकाळी पाणी मोकळं दिसतं. शेजारी पोहायला आलेल्या पोरांना त्यातलं काहीही कळलेलं नसतं. भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, तेवढ्या जाताना गाजावाजा करतात. पांगारा आणि सावर फुलली की हजारोंनी झोंबतात, तोंडं परागानं पिवळी करून घेतात, आणि चैत्र सरता सरता सगळ्या नाहीशा.

यंदा पुतणीनं हट्ट धरला. ‘काका, मी पण येतो की.’ चुलतभावाची मुलगी, नववीतली. तिच्या बापाला वाटलं दोन दिवस अभ्यास बुडेल, आईला वाटलं ऊन लागेल. पण रंगपंचमी तोंडावर होती. आमच्याकडं खरा रंग धुळवडीला नव्हे, पंचमीला. त्या दिवशी गल्लीतून धड माणूस धड बाहेर पडत नाही, मग आदल्या रात्रीच गाडी काढली ते बरंच झालं.

मिरज, सांगोला, पंढरपूर, टेंभुर्णी. हा रस्ता दिवसा करावा असं माझं मत आहे, कारण जमीन कशी बदलत जाते ते दिसतं. रात्री फक्त वास बदलतो. शिरोळ-मिरजेपर्यंत जळक्या पाचटाचा आणि मळीचा वास गाडीत येत होता. पुढं तो तुटला आणि कोरड्या मातीचा सुरू झाला. सांगोल्याच्या अलीकडं ऊसतोडीच्या टोळ्यांचे ट्रॅक्टर लागले, एकामागं एक. ट्रॉलीत बाजा, भांडी, कोंबड्यांची खुराडी, गोधड्यांत गुरफटलेली पोरं. कारखान्याचा पट्टा पडला, गाळप संपलं, की बीडकडची माणसं घरी निघतात. पुतणी म्हणाली, ‘आपल्या रानातली टोळी पण ह्यात असंल काय?’ असेलही. दर साली शेताच्या कडेला त्यांची खोपी पडते, मुकादम कोण आणि कोयते, म्हणजे तोडणीच्या जोड्या, किती हे भावाला पाठ असतं, माणसांची गावं मात्र मलाही सांगता येणार नाहीत.

उजनीचं धरण भीमेवर १९८० साली पुरं झालं. जानेवारीनंतर त्याचं पाणी उतरायला लागतं आणि काठाकाठानं गाळाची जमीन उघडी पडत जाते. त्या ओलीवर लोक हरभरा, गहू, ज्वारी, कलिंगड घेतात. ती गाळपेर. करकोच्याला आणखी काय हवं! रात्रीला उथळ पाणी, सकाळी चार पावलांवर दाणे, आणि चहूबाजूला नजर जाईल तिथवर आडोसा म्हणून नाही. धरण बांधणाऱ्यांच्या मनात पाखरं नव्हती हे उघड आहे. गावंच्या गावं पाण्याखाली गेली, तेव्हा माणसांचा विचार तरी किती झाला हा प्रश्न त्या काठावरचे लोक अजून विचारतात.

आम्ही पोचलो तेव्हा फटफटायचं होतं. करमाळ्याच्या बाजूला ओळखीच्या एका शेतकऱ्याचं रान आहे, त्याच्या कडब्याच्या गंजीआड बसलो. त्यानं आधीच दम भरला होता. ‘हालायचं न्हाई, शिंकरायचं न्हाई, आन् मोबाईल बंद.’ आधी काही दिसेना. पाण्यावर धुरकट पट्टा आणि त्यात उभ्या रेघा, पुष्कळ. मग एक आवाज उठला, घशातून घुमत आलेला, ‘क्रर्र’ म्हणावं असा, पण त्याला फुंकून वाजवल्यासारखी धार. त्यांची श्वासनलिका लांब असते आणि छातीच्या हाडात शिरून वळसा घेऊन येते, म्हणून तेवढ्याशा अंगातून एवढा नाद निघतो. एकानं हाक दिली, दुसऱ्यानं उचलली, आणि बघता बघता सगळा काठ बोलायला लागला. पुतणीनं माझी बाही घट्ट धरून ठेवली होती. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

उजाडल्यावर ती टप्प्याटप्प्यानं उठली. मान सरळ पुढं, पाय सरळ मागं. बगळा उडताना मान दुमडून घेतो, हा घेत नाही, आणि आभाळात ओळख पटवायला एवढी खूण पुरते. पहिली तुकडी आमच्या डोक्यावरून गेली, तेव्हा पंखांचा सपसप आवाज आला आणि गंजीमागं बांधलेलं रेडकू बिचकलं. ती समोरच्या मोडलेल्या हरभऱ्यात उतरली. पीक काढून झालेलं, मळणीही झालेली, रानात राहिले होते ते सांडलेले दाणे आणि घाटे.

जवळून बघायला मिळाली ती एक जोडी आणि त्यांचं गेल्या उन्हाळ्यातलं पिल्लू. अंग राखी. मोठ्यांची मान आणि गळा काळा, ती काळी पिसं छातीवर लोंबत खाली आलेली. डोळा तांबडा लाल, आणि त्याच्यामागून निघालेला पांढऱ्या पिसांचा झुबका वाऱ्यानं मानेवर हलत होता. पिल्लाचा झुबका अजून आखूड, मानेचा काळा रंग धुरकट, आणि चालण्यात एक आगाऊपणा. बापानं (की आईनं, दोघं सारखेच दिसतात) ढेकूळ उलटवलं की हे मधे घुसून दाणा पळवायचं. मोठे दोन दाणे टिपून मान वर करायचे, चहूकडं बघायचे, मग पुढचे दोन. एकाची मान खाली तेव्हा दुसऱ्याची वर. दोघांच्या माना एकाच वेळी खाली गेलेल्या मला दिसल्या नाहीत.

मग मधल्या घोळक्यात काहीतरी झालं. एकानं वाकून गव्हाच्या धसकटाचा तुकडा उचलला, वर उडवला, पंख अर्धे उघडून जागच्या जागी उसळी मारली. शेजारच्यानं मान लववली आणि तोही उडाला. पाच-सहाजण नाचायला लागले. बाकीचे आपले खाण्यात. पुतणी माझ्या कानात म्हणाली, ‘ह्यांची रंगपंचमी.’ विणीच्या आधी जोड्या जमवायला हा नाच असतो असं सांगतात. पण तो पिल्लंही करतात, जुनी जोडपीही करतात, आणि दचकल्यावरसुद्धा करतात. कारण एकच असेल असं मला वाटत नाही. माणसं तरी कुठं एकाच कारणानं नाचतात?

शेतकरी चहा घेऊन आला. मी विचारलं, ‘नुकसान करतात का हो?’ तो म्हणाला, ‘आता काय करत्यात? पडल्यालं येचत्यात. पेरणीच्या टायमाला आली की मग पोरास्नी दिवसभर राखाय बसवाय लागतंय.’ प्रेम नाही, राग नाही. वर्षाला येणाऱ्या पावण्याचं जेवढं करावं लागतं तेवढं तो करतो. मला हे आवडलं. पाखरांवर कविता करणारी माणसं पाखरांना दाणे सांडून ठेवत नाहीत.

नऊ-साडेनऊला जमीन तापली तशी एक तुकडी उठली आणि पंख न हलवता गोल फिरायला लागली. तापलेली हवा वर जाते, तिच्यावर ती नुसती पंख पसरून चढतात, म्हणूनच निघायला सकाळ टळायची वाट बघतात. खालून दुसरी तुकडी त्यांना मिळाली, मग तिसरी. फेऱ्या घेत घेत इतकी वर गेली की दुर्बिणीतही ठिपके उरले. आवाज मात्र खाली येत होता. मी म्हटलं, निघाली. शेतकरी वर न बघताच म्हणाला, ‘आज न्हाई जायाची. वारं नाही पायजे तसलं.’ आणि खरंच, तासाभरानं निम्मी परत पाण्यावर आली. बाकीची कुठं गेली ते त्यानंही सांगितलं नाही.

जातात कुठं? यांची वीण काळ्या समुद्रापासून मंगोलिया आणि चीनच्या उत्तर भागापर्यंत पसरलेल्या गवताळ प्रदेशात होते. मंगोलियाकडून भारतात येणारी पाखरं शरद ऋतूत सरळ हिमालय ओलांडतात. नेपाळात धवलगिरी आणि अन्नपूर्णा, दोन्ही आठ हजार मीटरच्या वरची शिखरं, त्यांच्यामधून काली गंडकीचं खोरं जातं. त्या खिंडीत सोनेरी गरुड त्यांची वाट बघत असतात आणि दमलेली, मागं पडलेली पाखरं हेरतात. पण परतीला ही वाट नाही. पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं लावून बघितलं तेव्हा कळलं की वसंतात ती हिमालयाला पश्चिमेकडून वळसा घालतात, पाकिस्तान-अफगाणिस्तानकडून, कितीतरी लांबचा पल्ला घेऊन. तिकडं खैबर पख्तुनख्वात कुर्रम नदीच्या काठाला शिकारी रात्री पाळलेले करकोचे ओरडायला लावतात, आणि वरचा थवा खाली आला की वजन बांधलेल्या दोऱ्या भिरकावून त्यांना गुंतवतात. जिवंत धरलेल्यांतले काही पुढच्या सालच्या हाका मारायला ठेवतात. पुतणीला हे सांगावं की नको अशा विचारात होतो, पण तिनंच पुढचा प्रश्न विचारला आणि सांगावं लागलं. त्यानंतर टेंभुर्णीपर्यंत ती गप्प होती.

परत येताना दिवस होता, त्यामुळं मघा म्हटलं ते दिसलं. उजनीच्याच पाण्यावर आता सोलापूर जिल्ह्यात ऊस कुठल्या कुठं पसरलाय, साखर कारखान्यांना तिथं तोटा नाही. गाळपेरीपासून थोडं मागं आलं की हिरव्या भिंती सुरू होतात. ज्या पाण्यानं करकोच्याला जागा दिली, त्याच पाण्यावर त्याची जागा खाणारं पीक उभं राहतंय. माणसाच्या डोक्याच्या वर गेलेल्या उसात तो कसा उतरणार? पंख पसरायला जागा नाही, लांडगा आला की कुत्रा हे दिसायची सोय नाही. तुटलेला फड मोकळा असतो खरा, पण चार दिवसांत पाचट पेटतं, नाहीतर तुटल्या बुडख्यातून येणाऱ्या खोडव्याला पाणी सुटतं.

आणि आमच्या करवीर तालुक्याचं काय सांगायचं! नदीकाठ, मळी, माळ, सगळं एका रंगाचं. माळ होते की हो इथं. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळले जायचे. डोळ्यांवर झापड बांधून बैलगाडीतून त्यांना माळावर न्यायचं, काळविटांचा कळप दिसला की झापड काढून सोडायचं. राजाराम महाराजांच्या काळात त्यासाठी आफ्रिकेतून चित्ते आणले होते. शिकारीचं कौतुक मला नाही, पण चित्ता पळवायला आणि काळवीट चरायला केवढं उघडं रान लागत असेल, याचा हिशेब करावा. १९३९ साली उजळाईवाडीला विमानतळ झाला, तोही असाच माळ होता म्हणून. आज तेवढी मोकळी, सपाट जमीन बघायची तर त्या कुंपणाच्या आतच बघावी लागते.

आजी सांगायची, तिच्या लहानपणी रब्बीला शाळू असायचा, भुईमूग असायचा, हरभरा असायचा, आणि थंडीतल्या रात्री वरून ओरडत जाणारी पाखरं ऐकू यायची. ती कुठली होती हे आता कोण सांगणार? बगळे दिसले की नखं नखांवर घासून ‘बगळ्या बगळ्या कवडी दे’ म्हणायचं एवढं तिनं आम्हालाही शिकवलं होतं.

गुजरीत एका सराफाच्या दुकानी जाणं-येणं आहे. घराणं मूळचं राजस्थानातल्या फलोदीकडचं, पण तिसऱ्या पिढीचं कोल्हापूर, बोलणं अस्सल. मी उजनीचं वर्णन करत होतो तर तो म्हणाला, ‘त्यात काय, आमच्या तिकडं खीचनला या की भावा.’ तिथं गावकरी चुग्गाघरात रोज या कुरजांना, म्हणजे कांड्या करकोच्यांनाच, दाणा टाकतात, हजारोंनी येतात, सप्टेंबरला येऊन मार्चला जातात. २०२५ च्या जूनमध्ये खीचनला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला. वाळवंटातलं गाव, पाणी म्हणजे दोन तळी, आणि करकोचे मात्र त्यांच्याकडं. आमची पंचगंगा बारा महिने वाहती, त्याचं इथं कुणाला कौतुक नाही.

हे सगळं डोक्यात होतं म्हणून रंगपंचमीनंतर गावी गेल्यावर चुलतभावापाशी विषय काढला. म्हटलं, सगळ्या रानात ऊस कशाला? एखादा तुकडा शाळूला, हरभऱ्याला ठेवूया.

‘एकरी टनेज काय पडंल त्याचं?’ त्यानं विचारलं.

‘टनेज नव्हे रे. पाखरं येतील.’

‘मग बिल कोण काढणार? पाखरं?’

पुतणी मधेच म्हणाली, ‘पप्पा, तितला शेतकरी पडल्यालं तसंच ठेवतोय.’ त्यानं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि हिच्या डोक्यात हे कुणी भरलं ते त्याला कळलं. पण तो वाईट माणूस नाही, अडचणी सांगायला लागला. एकट्यानं शाळू केला तर पंचक्रोशीतल्या भोरड्या आपल्याच रानात उतरणार. राखण कोण करणार? ‘तू माळ्यावर बसणार? गोफण येती काय तुला?’ शिवाय मोर आहेत, रानडुकरं आहेत. हरभऱ्याला बाजार मिळाला तर मिळाला. उसाला निदान कारखाना आहे, पैसे मागं-पुढं होतात, पण होतात. त्याचं कुठलंच म्हणणं खोडण्यासारखं नव्हतं. नोकरी करून शनिवार-रविवार रानात येणाऱ्यानं वर्षभर रानात राबणाऱ्याला शहाणपण शिकवू नये, हे मला समजतं.

चहा झाला. तो उठून पाणी पाजायला निघाला. बांधापर्यंत गेला आणि तिथूनच ओरडला,

‘वरचा तुकडा घे जा. तितं तसंबी मोटरीचं पाणी चढत न्हाई.’